आठवी मात्रा

सातव्या पायरीवर धनाजी थांबला. कठड्याला धरून त्यानं दम घेतला आणि पुढच्या सात पायऱ्या चढला. प्रियंका वडिलांच्या चालीनं मागून येत होती. ऋतुराजचा स्टुडिओ नवी पेठेत, साडीच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर होता.

"या काका, बसा. चहा सांगू?"

ऋतुराजला आज त्यांची गरज होती. त्याचं हळदीचं गाणं मुंबईच्या एका कंपनीला जाहिरातीसाठी हवं होतं. गाण्याखाली 'संगीत संयोजन : ऋतुराज' असं छापलेलं होतं. ते संयोजन माझ्या वडिलांचं आहे, असा मेल प्रियंकानं कंपनीला पाठवला आणि सगळं थांबलं. धनाजीची लेखी ना-हरकत आज सहापर्यंत पोचली नाही, तर कंपनी दुसरं गाणं घेणार होती.

"गाणं पारंपरिक आहे," ऋतुराज म्हणाला. "कुणाच्या बापाचं नाही."

"गाणं नाही. त्याची बांधणी माझ्या बापाची आहे."

प्रियंकानं मोबाइल टेबलावर ठेवला. "दोन्ही रेकॉर्डिंग मी मोजली आहेत. एक जुन्या लग्नातलं, अण्णांच्या सुंदरीवरचं, त्या छोट्या सनईवरचं. दुसरं तुमचं, की-बोर्डवरचं. दोन्हींत प्रत्येक ओळीला सात मात्रा सूर आहे आणि आठवी रिकामी. त्या रिकाम्या मात्रेत हलगीची एकच थाप."

"मग? योगायोग."

"अण्णा यंत्रमागावर होते. सुताच्या धुळीनं छाती गेली. सुंदरी फुंकताना सातव्या मात्रेला त्यांचा दम संपतो, म्हणून त्यांनी ती जागा ठेवली. की-बोर्डला फुप्फुसं नसतात. तो कशाला थांबतो?"

कोपऱ्यात बसलेल्या सृष्टीनं, ऋतुराजच्या रेकॉर्डिस्टनं, हसू लपवायला मान खाली घातली.

ऋतुराजनं घड्याळ पाहिलं. "बरं. शेवटी 'विशेष आभार' टाकतो. पण संयोजक वगैरे नको. मागावरच्या माणसाला संयोजक म्हटलं तर लोक हसतील."

प्रियंका बोलणार, तोच धनाजीनं तिच्या मनगटावर हात ठेवला.

"नाव ऱ्हाऊ द्या सायेब. माजी जागा तेवढी मला परत द्या."

"कसली जागा?"

"ती रिकामी. तुमच्या गाण्यात ती न्हाय पायजे. बाकी समदं तुमचं."

"एक रिकामी मात्रा?" ऋतुराजला हसू आवरेना. "बस?"

"बस की."

प्रियंकानं वडिलांकडे पाहिलं. मग तिनं कागद ओढला आणि सावकाश लिहिलं : आठवी रिकामी मात्रा आणि तिच्यातली थाप वगळून उरलेल्या गाण्याला धनाजीची हरकत नाही. ती मात्रा या गाण्याच्या कोणत्याही रेकॉर्डिंगमध्ये यापुढे वापरली जाणार नाही.

"सर, आधी काढून ऐकू या का?" सृष्टी म्हणाली.

"साडेपाच झालेत. आधी सह्या."

दोघांनी सह्या केल्या. ऋतुराजनं कागदाचा फोटो काढून मुंबईला पाठवला. पलीकडून लगेच अंगठा आला. "कर आता," तो सृष्टीला म्हणाला.

तिनं प्रत्येक ओळीतली आठवी मात्रा कापली. पडद्यावरच्या फटी एकेक करून मिटल्या. गाणं सुरू झालं.

पहिल्या ओळीच्या टाचेवर दुसरीनं पाय दिला. दुसरीवर तिसरीनं. गाण्याला श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. हळदीत ज्या जागी बायका टाळी देऊन गिरकी घेत, ती जागाच गाण्यात नव्हती. थापेबरोबर टेबलावर पडायची सवय झालेलं सृष्टीचं बोट वरच्या वर राहिलं.

"परत घाल ती," ऋतुराज म्हणाला.

सृष्टीनं कागदाकडे पाहिलं. "मुंबईला गेलं ना सर ते."

ऋतुराज धनाजीकडे वळला. "काका, तुमचं नाव टाकतो. माझ्या आधी. मोठ्या अक्षरात टाकतो."

धनाजी चपला पायात सरकवत होता.

"लोक हसतील की," तो म्हणाला.

बापलेक जिन्याकडे निघाले. स्टुडिओचं दार उघडंच राहिलं. उतरताना धनाजीला दम लागत नसे. तरी सातव्या पायरीवर तो थांबला. त्यानं टाच उचलून पायरीवर एकदाच आपटली आणि पुढच्या सात पायऱ्या उतरला.