पडदा काळा होण्याच्या वेळा

"हां, गेला बघा! आत्ता गेला!" अंगद ओरडला.

टीव्हीचा पडदा दोन सेकंद काळा झाला, थरथरला आणि पुन्हा उजळला. टीव्हीच्या मागे डोकं खुपसून बसलेले राधेश्याम मेकॅनिक कपाळ पुसत बाहेर आले. त्यांच्या हातात आजची तिसरी केबल होती. इंटरनेटवरच्या मालिका आणि मॅच दाखवणारी ती बोटाएवढी स्टिक अंगदने हौसेनं घेतली होती, पण हल्ली तिला हे दुखणं जडलं होतं. केबल बदलून झाली, पोर्ट बदलून झालं, स्टिकला वीज पुरत नसेल म्हणून वेगळा अ‍ॅडॉप्टरही लावून झाला. पडदा काही वठणीवर येईना.

"केबल बराबर हाय भाऊ," राधेश्याम म्हणाले. "घरातलं दुसरं काहीतरी चालू झालं की होऊन राह्यलं. टाइम लिहून ठिवा म्हणलं होतं, ठिवला का?"

विचारायचाच अवकाश, अंगदने खिशातून कागद काढला. नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत तो उगवण तपासायचा. शंभर दाण्यांतले किती उगवले हे रोज सकाळी मोजून मांडणारा माणूस. नोंद ठेवावी तर त्याने. काल रविवारी सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत तो टीव्हीसमोरून फक्त जेवायला उठला होता.

"जोडीनं होतं बघा. एकदा काळा, मंग दहा-बारा मिनिटांनी पुन्हा काळा. कालच्या दिवसात अशा अकरा जोड्या. एकबी सुटली न्हाई माझ्या नजरेतून."

हे सांगताना त्याची छाती जरा फुगलीच होती. पुढे या फुगण्याचीच त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली.

आज त्याने रजा घेतली होती ती मात्र टीव्हीसाठी नव्हे. दुपारी आईला, द्वारकाबाईंना, राजूरला सोडायचं होतं. दम्याने बेजार झाल्या म्हणून त्याने त्यांना जालन्याला आणलं होतं. डॉक्टरांनी वाफेचं मशीन लिहून दिलं आणि बजावलं, "दिवसातून दोनदा घेऊन भागत असेल तर खुशाल गावी न्या. पण चारच्या वर गेलं, तर घरी ठेवू नका. तडक इथं आणा." अंगद रोज संध्याकाळी न चुकता विचारायचा, "माय, आज किती बार घेतली वाफ?" द्वारकाबाई म्हणायच्या, "दोनदा." बायको आकांक्षा पंधरा दिवस माहेरी गेलेली, त्यामुळे दुसरं कुणी सांगणारं नव्हतं. काल त्याने डॉक्टरांना फोनवर तेच कळवलं आणि डॉक्टरांनी परवानगी दिली. राजूरच्या घरात द्वारकाबाई एकट्याच राहायच्या. त्यांची पिशवी सकाळपासून दाराशी भरून ठेवलेली होती.

राधेश्यामनी फ्रिज बंद-चालू केला. मिक्सर फिरवला. पाण्याची मोटर लावली. पडदा ढिम्म. मग टीव्ही सोडून बाकी सगळं बंद करून ते सोफ्यावर टेकले, आणि पडदा आपणहून काळा झाला.

ते ताडकन उठले आणि त्यांनी टीव्हीमागच्या भिंतीला कान लावला.

"पल्याड काय हाय, भाऊ?"

"मायची खोली. झोपली असंल ती."

"न्हाई, घरघर येऊन राह्यली."

आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. ते गेले कित्येक दिवस लावलेलंच असायचं. पहिल्याच आठवड्यात, ऐन मॅचमध्ये, अंगदनेच सांगितलं होतं, "माय, दार लावून घेत जा ना. त्या मशीनच्या आवाजात काही ऐकू येत न्हाई." त्यानंतर द्वारकाबाईंनी एकदाही दार उघडं टाकलं नाही.

अंगदने दार ढकललं. द्वारकाबाई पलंगाच्या कडेला, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून, पुढे वाकून बसल्या होत्या. तोंडावर वाफेचा मास्क. प्रत्येक श्वासाला त्यांचे खांदे कानांपर्यंत चढत होते. मशीनची वायर टीव्हीच्याच भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेली होती.

"सापडलं!" राधेश्याम खूश झाले. "दोन्हीकडची लाइन एकच, अन् अर्थिंगचा पत्ता न्हाई. हे मशीन चालू केलं की एक झटका, बंद केलं की एक झटका. आजी, दिवसातून किती बार लावता हे?"

द्वारकाबाईंनी मास्क जरासा वर केला. "दोनदा."

कागद अजून अंगदच्या हातात होता. सात दहा. आठ पन्नास. दहा वीस. त्याच्याच वळणदार अक्षरात त्याच्या आईचा जीव किती वेळा घाबरा झाला ते मिनिटांसकट लिहिलेलं होतं. दुपारी चारच्या नोंदीपुढे त्याने वैतागून दोन फुल्याही मारल्या होत्या. भिंतीच्या अलीकडे त्याने टीव्हीला शिव्या घातल्या होत्या आणि पलीकडे आई हवेसाठी तडफडत होती. परक्या माणसासमोर त्याला मान वर करवेना. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"खोटं का बोलती माय?" त्याने कागद तिच्यापुढे धरला. "काल अकरा बार घेतली तू."

द्वारकाबाईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी मुलाच्या हातातला कागद पाहिला, मेकॅनिकच्या गळ्यात लोंबणारी केबल पाहिली आणि त्या ओशाळल्या. घाईघाईने हात लांबवून त्यांनी मशीन बंद केलं.

बाहेर टीव्ही काळा झाला आणि पुन्हा लागला.

"इतक्या बार बंद पडला का रे तुझा टीव्ही?" धापा टाकत त्या म्हणाल्या. "आधी सांगायचं न्हाई का बाबा. मी कमी घेतली असती."