अंतऱ्याआधीचा थांबा

नव्या सिस्टिमवर जुनं सॉफ्टवेअर अखेर सुरू झालं. हेरंबरावांनी जाण्यापूर्वी त्याला आपली साथ शिकवली होती. गाणं ऐकत ते अगदी त्यांच्यासारखी पेटी वाजवायचं.

त्यांच्या पत्नी शालिनीबाई गाऊ लागल्या. अंतऱ्याआधी पेटी थांबलीच नाही, तशीच पुढे गेली.

"हे मेलं कुणाचं वाजवणं? यांचं नव्हे!"

मुलीने, मृण्मयीने, स्क्रीनवर पाहिलं. "आई, साथ तिथे अडकायची. सिस्टिमने तो दोष आपणहून काढलाय."

"दोष कसला? तिथे मला दम लागतो. ठाऊक होतं त्यांना."

मृण्मयीने ती दुरुस्ती रद्द केली. बाई पुन्हा गायल्या. या वयात दम खायला पूर्वीपेक्षा फारच वेळ लागला.

पेटी एकच सूर धरून थांबून राहिली.