हातातला दोर

खांबाला दोन वेढे आणि दोराचं टोक थोरल्याच्या हातात. दुसऱ्या टोकाला, गच्चीच्या कठड्याखाली, फळीवर बसून धाकटा भाऊ इमारतीची भिंत रंगवत होता. हात पोहोचेल तेवढा पट्टा झाला की तो हाक मारायचा आणि थोरला दोर थोडा सैल सोडायचा. बाकीचे रंगारी दोर खांबाला बांधून मोकळे होतात. थोरल्याला ते पटत नसे. बांधलेला दोर मुका असतो, हातातला बोलतो, असं तो धाकट्याला पहिल्या दिवसापासून सांगत आला होता. आणि खरंच, एवढ्या वर्षांत त्याच्या हाताखाली कुणाला ओरखडाही आला नव्हता.

म्हणूनच बायकोचं सकाळचं बोलणं त्याच्या डोक्यातून जात नव्हतं.

"अहो, पाठ तर केव्हाच बरी झाली. त्या गोळ्यांशिवाय एक दिवस तरी निघतो का तुमचा?"

तो हसला होता. गोळ्या पाठदुखीवर डॉक्टरांनीच तर दिलेल्या. पुढे डॉक्टरांनी हात आखडता घेतला, मग त्या वेगवेगळ्या दुकानांतून गोड बोलून आणाव्या लागल्या, ते वेगळं. नशा करणारी माणसं त्याने पाहिली होती. ती कामाला दांड्या मारतात, घर डोक्यावर घेतात. हा रोज वेळेवर कामावर जात होता. घरात आवाजसुद्धा चढवत नव्हता.

"धाकट्याला विचार," तो म्हणाला होता. "रोज जीव माझ्या हातात देतो तो. माझं काही बिघडलं असतं, तर दिला असता?"

बायकोने जेवणाचा डबा त्याच्यापुढे सरकवला. मुद्दा बिनतोड होता.

दुपारी त्याने नेहमीची गोळी घेतली आणि सकाळचा राग होता म्हणून वर आणखी एक. पाठीवर ऊन छान लागत होतं. खाली धाकटा शीळ घालत होता. थोरल्याने डोळे मिटले नव्हते. निदान त्याला तसं वाटत होतं.

तळवा पोळला तेव्हा तो जागा झाला. दोर सरसरत चालला होता. त्याने झडप घातली, पण टोक खांबाला वळसा घालून कठड्यापलीकडे दिसेनासं झालं. खाली काहीतरी धाडकन आपटलं. शीळ थांबली.

कठडा समोरच होता, पण तिथवर जाववेना. शेवटी तो रांगत गेला आणि त्याने वाकून पाहिलं.

फळी खाली अंगणात पडून दुभंगली होती. रंगाचा डबा उपडा झाला होता. धाकटा मात्र खिडकीच्या अरुंद कडेवर, भिंतीला चिकटून उभा होता. त्याच्या कमरेला एक वेगळाच दोर होता, खिडकीच्या गजाला बांधलेला. गाठ थोरल्यानेच शिकवलेली, घट्ट आणि नीट. दोर नवा नव्हता. त्यावर आधीच्या कामांचे रंग सांडून वाळले होते. निळा शाळेचा, पिवळा दवाखान्याचा, आणि त्याच्याखाली हिरवा. हिरवा कुठला, ते थोरल्याला लगेच आठवलं. पाठ बरी झाल्यावरचं ते पहिलं काम.

"दादा, गच्चीवरचा दुसरा दोर खाली सोड," धाकटा वर न बघता म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच थोरल्याला सोसेना. "पण आधी खांबाला बांध."

थोरल्याने दोर बांधला. गाठ पुन्हा पुन्हा ओढून पाहिली. धाकटा तो धरून गच्चीवर चढून आला आणि धापा टाकत त्याच्या शेजारी बसला.

मग थोरल्याने घरी फोन लावला. सोललेल्या हातात फोन धरवेना, म्हणून धाकट्याने तो त्याच्या कानाशी धरला.

"अगं, सकाळी विचारलंस ना," तो म्हणाला. "नाही निघत. एक दिवससुद्धा नाही निघत."