सकाळचा निरोप

रंगनाथ नाशिकभर स्कूटरवर फिरून घरोघरची शिलाई मशीनं दुरुस्त करायचा. कुणाकडे कधी जायचं ते सगळं खिशातल्या डिजिटल डायरीत असायचं. वेळ झाली की ती पीपी करायची आणि हा उठायचा.

त्या सकाळी चपला घालतानाही त्याची नजर डायरीतच होती. रोज बायकोला तो "येतो गं" म्हणायचा. त्या दिवशी डायरी वाजली आणि घाईत तो म्हणाला, "जातो."

"असं म्हणू नये हो," तृप्ती आतून म्हणाली, तोवर त्याने किक मारली होती.

देवळाली कॅम्पातल्या बाई त्याला पाहून हसल्या. "काही विसरलात का? आत्ताच तर मशीन करून गेलात." मशीनवर ताजं तेल चमकत होतं. पुढच्या घरीही तेच ऐकल्यावर रंगनाथला हसू येईना. उरलेली कामं सोडून तो माघारी फिरला.

दाराशी पोचला तर आतून डायरीची ओळखीची पीपी ऐकू आली. त्याने खिसा चाचपला. डायरी खिशातच होती, गप्प.

"आलात एकदाचे!" तृप्ती आत म्हणत होती. "सकाळपासून जिवाला घोर लागला होता."

"म्हणून तर लवकर आलो," रंगनाथच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं.

रंगनाथने कडी वाजवली.

"कोण आहे हो दारात?"

"कुणी नाही गं," आतला आवाज शांतपणे म्हणाला. "सकाळीच गेला तो."