माणसामागे सहाशे

महांतेशने छपराच्या पत्र्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"मामा, हितं माणूस झोपवायचा हाय का पापड वाळवायचं हायत?"

केरबा हसला नाही. खांद्यावरचा टॉवेल सारखा करत म्हणाला, "म्हणून तर तुला बोलवलंय पावणं. मशीन केवढं बसवायचं ते सांग."

बायडाबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. कसबा बावड्यातल्या त्या घराची ही माडीवरची खोली म्हणजे तिच्या लेकाची, कृष्णातची. आपल्या पसंतीची बायको करून तो पुण्याला गेला, तेव्हा केरबाने भर गल्लीत सांगितलं होतं, "आजपासनं ह्या तोंडातनं त्याचं नाव निघणार न्हाय." ते निघालं नव्हतं. नातू झाल्याचं कळलं तेव्हाही नाही. गेल्या महिन्यात तिचा भाऊ बाळासो पुण्याला जाऊन आला. पोरगं गोड हाय, पर उकाडा सोसत न्हाय, अंगभर घामोळ्या उठत्यात, असं तो अंगणात बसून सांगत होता. केरबा शेजारीच म्हशीची धार काढत होता. त्याने मानसुद्धा वर केली नव्हती.

आणि आता अचानक त्याने खोलीचं कुलूप काढलं होतं. भिंतींना चुना दिला, गाद्या पिंजून आणल्या. आज दुकानातून एसीवाला बोलावला. स्वतः केरबा तर उन्हाळाभर गोठ्यापुढे बाजेवर झोपायचा. कुणासाठी चाललंय हे, असं बायडाबाईने विचारलं, तर म्हणाला, "खोलीसाठी."

तिने काय ते ओळखलं. साखर कारखान्यावरचा कुणीतरी साहेब भाडेकरू म्हणून येणार. परका माणूस एकदा इथे राहिला की लेकाला परत यायला जागाच उरणार नाही. नातवाचं तोंड आता फोटोतच बघायचं.

"पाऊण टनाचं मिळतंय, एक टनाचं मिळतंय, दीड टनाचंबी हाय," महांतेश टेप गुंडाळत म्हणाला.

"आमचा ऊस जातोय टनात. गारवा टनात कसा मोजतोस?"

"बर्फावरनं निघालंय ते, मामा. एक टन बर्फ वितळायला लागला की भोवतीची उष्णता ओढून घेतोय. आख्खा वितळंपर्यंत जेवढी ओढंल, तेवढी उष्णता एक टनाचं मशीन दिवसभरात खोलीतनं भाईर टाकतंय."

"आन् लाईट गेल्यावर?"

"मग पत्रा हाय की."

आता मात्र केरबाच्या मिशा हलल्या. महांतेशला हुरूप आला. त्याने कानामागची पेन्सिल काढली. "खोलीतली उष्णता बीटीयूत मोजायची. पत्र्याची वेगळी, खिडकीची वेगळी. माणूसबी ऊब टाकतोय. माणसामागं सहाशे धरायचं."

"नुसता बसला तरी?"

"नुसता झोपला तरी. जित्ता माणूस हाय, ऊब असणारच की."

"आन् बायको भांडाय लागली तर?"

"त्याला पुरंल असं मशीन अजून निघालं न्हाय, मामा."

बायडाबाईने तांब्या जमिनीवर आपटूनच ठेवला. कुणाच्या तरी उबेचा हिशेब चालला होता, आणि तो कुणी परका होता.

"मग सांगा," महांतेश म्हणाला. "खोलीत माणसं किती झोपणार?"

केरबाने तोंड उघडलं आणि मिटलं. खिडकीतून खाली गोठ्याकडे पाहिलं. पुन्हा तोंड उघडलं.

"एकटंच असलं तर पाऊण टन बास," महांतेश म्हणाला. "एकटंच काय?"

केरबाचा सगळा जन्म बैलांच्या व्यापारात गेला होता. वडगावच्या बाजारात भाव तोंडाने बोलायची रीत नव्हती. दोघांच्या हातांवर टॉवेल टाकायचा, आत एकमेकांची बोटं धरायची, आणि भोवतीच्या शंभर माणसांना पत्ता न लागता सौदा व्हायचा. तोंडाने वाटेल ते बोललं तरी चालायचं. खरं काय ते हात सांगायचा. ही सवय त्याला इतकी जडली होती, की भाजीवालीचा हात तेवढा तो धरत नसे.

त्याने खांद्यावरचा टॉवेल काढला.

"हात आण हिकडं."

"आँ?"

"आण म्हणतो न्हवं."

त्याने महांतेशचा हात ओढला आणि त्यावर टॉवेल टाकला. टॉवेलखाली काहीतरी हललं. महांतेश आधी हसला, मग गोंधळला. बायडाबाई बघत राहिली. लग्न होऊन आल्यापासून ती हा टॉवेल धूत आली होती, पण त्याच्याखाली काय चालतं ते तिने कधी पाहिलं नव्हतं.

"गुदगुल्या कशाला करताय, मामा?"

"गप. मोज."

महांतेशने डोळे बारीक केले. "ही दोन बोटं. म्हणजे दोन माणसं. बरोबर?"

केरबाने मान हलवली. टॉवेल अजून तसाच होता.

"दोघांचं कळलं. बाराशे झालं," महांतेश म्हणाला. "पर हे तिसरं बोट निम्मंच धरलंय की तुमी. निम्मा माणूस कसला धरू?"

खोलीत पत्रा तेवढा तापून कडकड वाजत होता. केरबाने बायकोकडे पाहिलं नाही. टॉवेलकडेच बघत, बारीक आवाजात तो म्हणाला,

"ते अजून ल्हान हाय."