लायनरपुरता बर्फ

जुनं लायनर हलेना. ओडेरानं लायनर ओढून काढायच्या पुलरचा नट आणखी एक फेरा आवळला, पान्यावर अंगाचा सगळा भार टाकला. इंजिनाच्या पोटातून डुकरानं ओरडावं तसा आवाज आला आणि लोखंडाची ती नळी बोटभर वर सरकली. आतून चरे पडलेली, गंजानं तांबूस झालेली.

"निघालं बाई!" पालथ्या घमेल्यावर बसलेली नेरेआ म्हणाली.

इंजिन तिच्या बोटीचं. म्फांगानो बेटावरून म्बिताला माणसं नेणारी बोट इंजिनाविना वाळूत तिरकी पडली होती. बाजाराच्या दिवसापर्यंत ती पाण्यात उतरली नाही, तर तिची फेऱ्यांची पाळी दुसऱ्या बोटीला जाईल, असं किनाऱ्याच्या समितीनं बजावलं होतं. त्या बोटीचा मालक सकाळपासून दोनदा चक्कर मारून हसून गेला होता.

ओडेरानं एकेक करून सगळी लायनर उपसली. मग किसुमूहून आणलेल्या नव्या लायनरचा ग्रीस लावलेला कागद सोडला. लायनर हातात फिरवलं. किनाऱ्याच्या पलीकडच्या टोकाला असलेल्या माशांच्या छपराकडे थोडा वेळ बघत राहिला.

"वहिनी, बर्फ लागेल."

"बर्फ? तो कशाला?"

"लोखंड गारठलं की आकसतं. आकसलं की बसतं. ठोकून बसवलं तर तडकेल."

"मग म्बिताहून आण."

"कशानं जाऊ? त्या हसणाऱ्याच्या बोटीनं?" ओडेरानं हात पुसले. "बेटावर बर्फ एकीकडेच आहे. रिस्परकडे."

नेरेआचं तोंड आवळलं. रिस्पर तिची सवत. दोघींचा नवरा आणि ओडेराचा भाऊ ओगल गेला तेव्हा भाऊबंदांनी बोट थोरलीला दिली आणि माशांची बर्फपेटी धाकटीला. बोटीवर ओगलनं धाकटीच्या माहेरावरून, गेम मुलखावरून, नाव रंगवलं होतं, 'न्यार गेम', गेमची लेक. सुतक फिटायच्या आत नेरेआनं त्यावर डांबर फासलं. तेव्हापासून दोघी एकाच किनाऱ्यावर राहत होत्या, पण एकमेकींशी चकार शब्द बोलत नव्हत्या.

"मी मेले तरी तिच्या दारात जायची नाही. तू जा."

"बोट माझी आहे का? मी मागितला तर ती म्हणेल, जिची बोट तिला जीभ नाही का?"

 नेरेआ उठली, घमेलं उचललं आणि तरातरा निघाली. किनाऱ्यावर जाळी विणणारी माणसं विणायची थांबली.

छपराखाली रिस्पर म्बुता मासे पेटीत रचत होती. सावली पडली तशी तिनं मान वर केली. नेरेआ घमेलं पोटाशी धरून उभी होती.

"बर्फ हवाय," नेरेआ म्हणाली. "लायनर बुडेल एवढा."

"लायनर? कुठल्या इंजिनाचं?"

"कुठल्या म्हणजे? आपल्याच."

शब्द सुटून गेला होता.  रिस्परनं मासे बाजूला काढले, त्यांच्यावर ओलं पोतं टाकलं आणि तळाचा बर्फ उघड्या हातांनी उपसून घमेल्यात भरला.

नेरेआनं घमेलं उचलायला हात लावला आणि चटकन मागे घेतला. "भाजतो की गं हा!"

"रोज धरला की भाजत नाही."

तेव्हा नेरेआला ते हात दिसले. बोटांची सालं निघालेली, पेरापेरांवर पांढऱ्या भेगा. ओगलची लाडकी पेटीवर बसून आरामात खाते आहे, असंच ती सगळ्या बेटाला सांगत आली होती.

"चरबी लावत नाहीस का या हातांना?"

"माशांना वास लागतो, ताई."

"आणि हे मासे? बर्फावाचून नासतील ना?"

"आज धुरी देऊन टिकवीन. व्हा पुढे, एकटीला नाही उचलवणार तुम्हाला." रिस्परनं घमेल्याचा दुसरा काठ धरला.

दोघी वाळूतून चालू लागल्या. घमेलं कधी हिच्याकडे कलायचं, कधी तिच्याकडे. "जरा हळू चाल, तुझ्यासारखे तरुण पाय नाहीत माझे," असं नेरेआ दोनदा म्हणाली. दुसऱ्यांदा म्हणताना तिला हसू आलं.

ओडेरानं लायनर बर्फात पुरलं. इंजिनाची भोकं चिंधीनं लख्ख पुसली. मग लायनरच्या रबरी कड्यांवर साबणाचा फेस चोळला, ते भोकावर सरळ धरलं आणि दोन्ही तळव्यांनी दाबलं. मऊ आवाज करत लायनर खाली गेलं आणि जागच्या जागी बसलं. मागोमाग बाकीचीही बसली.

नेरेआनं देवाचं नाव घेतलं. "मक्याच्या उगालीला आधण ठेवते. रिस्पर, जायचं नाही हं. मासे इकडेच घेऊन ये, धुरी आपण दोघी मिळून देऊ." आणि ती लगबगीनं घराकडे गेली.

ओडेरा मान खाली घालून हत्यारं गोळा करू लागला. रिस्पर घमेल्यातल्या बर्फाकडे बघत होती. बराचसा अजून तसाच होता.

"भावजी," ती म्हणाली, "मागे तुम्ही दोघा भावांनी हे इंजिन खोललं होतं, तेव्हा साबणाचं पाणी मीच धरलं होतं. या इंजिनाची लायनर साबणावरच बसतात. बर्फ लागत नाही."

ओडेरानं पाना खाली ठेवला. "माहीत होतं, तर मग दिलास कशाला?"

"मागायला ताई स्वतः आल्या होत्या ना."