कायद्याची तोंडओळख

"कुठला नळ?" विद्यापीठाच्या दारावरच्या शिपायाने विचारलं.

"वरचा," प्लंबरने ठोकून दिलं. कुठलीही सरकारी-निमसरकारी इमारत घ्या, वरच्या मजल्यावर एखादा नळ गळतच असतो, हा त्याचा आजवरचा अनुभव होता. शिपाई मुकाट जिना चढला. व्हरांड्याच्या टोकाला बेसिनचा नळ खरोखरच टिपटिपत होता, आणि बेसिनला लागूनच वर्ग होता. दार अर्धवट उघडं. देव एरवी प्लंबरशी इतका चांगला वागत नसे.

वर्गात त्याची बायको बसली होती.

शाळा सुटून जमाना लोटलेल्यांसाठी विद्यापीठाचे संध्याकाळचे वर्ग निघाले होते. जे विसरलं त्याची, जे कधी शिकलोच नाही त्याची तोंडओळख. चित्रकला होती, बागकाम होतं. हिने घेतला कायदा, आणि त्यातही कुटुंबाचा कायदा, म्हणजे लग्न, वारसा, घटस्फोट. तिने ते सांगितलं तेव्हा तो "हं" एवढंच म्हणाला होता. पण त्या दिवसापासून त्याला घास गोड लागत नव्हता. ही आपल्याला सोडून जायची तयारी करतेय, दुसरं काही नाही. जन्मभर मुकाट्याने संसार केलेली बाई या वयात हौस म्हणून कायदा शिकते होय? कुठेतरी पाणी मुरत होतं.

आणि मुरणाऱ्या पाण्याचा माग काढण्यातच त्याची हयात गेली होती. भिंतीवर डाग दिसला म्हणून तिथेच फोडायला घेतो तो अडाणी. गळती भलतीकडेच असते. वर्ग हा नुसता डाग होता. गळती कोण, ते आज बघायचं होतं.

त्याने कॉक बंद केला, नळाला पाना लावला आणि मान तिरकी केली.

सापडला! बायकोच्या शेजारी एक दाढीवाला बसला होता. दाढी नीट कातरलेली, शर्ट कडक इस्त्रीचा, दोघांत मिळून एक पुस्तक. बायको हळूच काहीतरी पुटपुटली आणि दाढीवाला तोंडावर हात ठेवून हसला. हिला माणसं हसवता येतात, ही बातमी प्लंबरला नवीन होती.

"आज शेवटचा तास," शिकवणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या. "कुणाचं काही विचारायचं राहिलंय?"

दाढीवाल्याने हात वर केला. बायको वारली, तिच्या नावचं घर मुलीच्या नावावर कसं करायचं, असं काहीतरी त्याला हवं होतं. म्हणजे विधुर! प्लंबरने पाना इतका आवळला की नळ कुरकुरला.

मग त्याला ओळखीचा आवाज ऐकू आला.

"बाई, नवरा मारत नाही, पीत नाही, मिळवलेलं सगळं हातात आणून देतो. फक्त बोलत नाही. काहीही सांगा, 'हं' म्हणतो. हे कायद्यात कुठे बसतं?"

वर्ग खो-खो हसला. वकीलबाई हसल्या नाहीत.

"बसवता येतं. पण सिद्ध करणं अवघड. पुरावा काय द्याल?"

"तेच तर," बायको म्हणाली. "जे बोललंच नाही, त्याचा पुरावा कुठून आणू?"

प्लंबरच्या बोटांतून नळ खोलून काढलेलं जुनं रबरी वायसर निसटून बेसिनमध्ये पडलं. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त भीती वाटली. मग पिशवीतून नवं वायसर काढून बसवलं, कॉक उघडला, कारण दुसरं काय करावं ते त्याला सुचेना.

वर्ग सुटला. बायको बाहेर आली आणि थबकली.

"अहो, तुम्ही? इथे?"

"नळ गळत होता."

तिने नळ सोडला, बंद केला, खाली तळहात धरून पाहिला. थेंब नाही. मागून दाढीवाला आला, त्याने प्लंबरकडे निरखून पाहिलं.

"हेच का?"

"हेच," ती म्हणाली.

नवरा-बायको घराकडे चालत निघाली. प्लंबर प्रत्येक दिव्याच्या खांबापाशी एक वाक्य जुळवी आणि पुढच्या खांबापाशी गिळून टाकी. शेवटी बंद पडलेल्या नळातून आधी नुसती हवा फसफसावी, तसा त्याला कंठ फुटला.

"ते… वायसर गेलं होतं त्याचं."

"बरं."

"म्हणजे, लोक काय करतात, नळ गळायला लागला की जोरात पिळतात. तरी गळतो, मग आणखी जोरात पिळतात. त्याने वायसर आणखी चेपतं."

तो बोलत राहिला. स्पिंडलबद्दल, आट्यांबद्दल, क्षाराच्या पाण्याबद्दल. बोलण्यासारखं त्याच्याकडे एवढंच होतं. तिने पावलं मंद केली.

दारापाशी किल्ली काढताना त्याने धीर केला. "वर्ग संपला ना आता?"

"तोंडओळख संपली. पुढे पदवीचं आहे. कायद्याचंच."

"घेणार?"

"गरज पडते का, बघते. अर्ज द्यायला अजून महिनाभर आहे."

कुलपात घातलेली किल्ली तशीच राहिली.

"हं," त्याच्या तोंडून निघालं, आणि त्याने जीभ चावली.

ती पायरीवर टेकली. पदर सावरला, पुस्तक मांडीवर ठेवलं.

"मग? वायसर चेपतं, आणि?"